मुळांचा हिशेब : लंडनचे जंगल संगीत आणि रायगडचा किनारा

संगीतकाराची मुळे त्याच्या जन्मगावात, कुळात किंवा लहानपणी कानांवर पडलेल्या गाण्यांत शोधण्याची चरित्रलेखनाची जुनी रीत आहे. लंडनमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी घडलेले ‘जंगल’ आणि त्यातूनच पुढे विस्तारलेले ‘ड्रम अँड बेस’ या नृत्यसंगीताच्या प्रकारांविषयी लिहितानाही हीच रीत पाळली जाते : निर्माता जमैकन स्थलांतरितांच्या वस्तीत वाढला, आजूबाजूला जमैकाचा रेगे वाजत होता, म्हणून तो त्याच्या संगीतात उतरला, एवढे सांगून विवेचन थांबते. हे स्पष्टीकरण खोटे नसले तरी फार थोडे सांगते, कारण त्याच वस्तीत तीच गाणी ऐकत वाढलेल्या बहुसंख्य मुलांनी कधी संगीत केले नाही आणि ज्यांनी केले त्यांतल्या अनेकांच्या संगीतात रेगेचा मागमूसही नाही. रेगेची मुळे ही स्मृतीपेक्षा कामाच्या पद्धतीत असतात, असे येथे प्रतिपादन आहे. त्या पद्धतीची तीन अंगे आहेत : गाणे कधीही पुरे झाले असे न मानता ते पुन्हा घडवण्यासाठी खुले ठेवणे, खर्जाला गाण्याचा पाया मानणे, आणि ज्याचा आवाज घेतला त्याला नावाने पुकारणे. हे मान्य केले तर उरणपासून श्रीवर्धनपर्यंतचा रायगडचा किनारा या संगीताचा दूरचा श्रोता राहत नाही. यांपैकी पहिली दोन अंगे या किनाऱ्यावर आज जोमाने जिवंत आहेत, तिसऱ्याची मात्र फार मोठी हेळसांड झालेली आहे.

निर्माता हा शब्द येथे चित्रपटव्यवसायातल्या अर्थाने, म्हणजे पैसा घालणारा या अर्थाने, घ्यायचा नाही. ध्वनिमुद्रित आवाज यंत्रावर कापणारा, जोडणारा, त्यांची लय आणि पट्टी बदलणारा, आणि त्यातून नवी रचना उभी करणारा तो निर्माता. या भूमिकेचा उगम जमैकाची राजधानी किंग्स्टन येथील ‘साउंड सिस्टिम’मध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत, घरी रेडिओग्राम किंवा वाद्यवृंदाची बिदागी परवडत नाही अशा माणसांसाठी, मोठ्या कर्ण्यांच्या पेट्या, ॲम्प्लिफायर आणि तबकड्या घेऊन मोकळ्या आवारात नाच भरवणारी फिरती पथके तेथे निघाली, आणि कॉक्सन डॉड व ड्यूक रीड यांच्यासारख्या पथकमालकांनीच पुढे स्वतःची ध्वनिमुद्रणगृहे काढली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गायकाचा आवाज वगळून केवळ वाद्यांची तबकडी वाजवण्याचा प्रघात पडला. त्या तबकडीला ‘व्हर्जन’ म्हणत, आणि तिच्यावर पथकाचा बोलका माणूस ध्वनिक्षेपक हातात घेऊन लयीत बोल टाकत असे. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या किंग टबी या तंत्रज्ञाने तर मिश्रणयंत्राच्या कळा वरखाली करून, आवाज मध्येच काढून घेऊन, प्रतिध्वनी लांबवून त्याच मुद्रणातून वेगळेच संगीत उभे केले. त्याला ‘डब’ म्हणतात. या सगळ्यातून एक विलक्षण कल्पना रुजली : गाण्याचा तालखर्जाचा सांगाडा ही सामायिक मालमत्ता आहे, आणि एकाच सांगाड्यावर शंभर गायक शंभर गाणी उभारू शकतात. मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. एकाच चालीवर अनेक अभंग, एकाच ओवीच्या घाटावर हजारो बायकांच्या हजारो ओव्या, ही आपल्याकडची जुनी व्यवस्था आहे. किंग्स्टनने तिला यंत्राची जोड दिली.

उत्तर लंडनमधील टॉटनहॅम येथे १९६५ मध्ये जन्मलेल्या मायकेल वेस्ट यांची कारकीर्द या पद्धतीचा पुरावा म्हणून वाचण्याजोगी आहे. ‘रेबेल एमसी’ या नावाने ते प्रथम लोकांसमोर आले आणि ‘डबल ट्रबल’ या जोडीबरोबर केलेले त्यांचे ‘स्ट्रीट टफ’ हे गाणे १९८९ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. एवढ्या यशानंतर तोच साचा वापरत राहणे कोणत्याही कंपनीला आवडले असते, आणि व्यवसायाच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे ठरले असते. वेस्ट यांनी उलटी वाट धरली. १९९१ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘ब्लॅक मीनिंग गुड’ या संग्रहाच्या सुमारास त्यांनी टेनर फ्लाय आणि बॅरिंग्टन लेव्ही यांच्यासारख्या रेगे परंपरेतल्या गायकांना बरोबर घेतले, खर्ज वाढवला, ड्रमचे तुकडे वेगवान केले आणि पुढे स्वतःच्या छोट्या प्रकाशनसंस्थांतून काम सुरू केले. त्यानंतर एक्स प्रोजेक्ट, कॉन्करिंग लायन, ट्राइब ऑफ इस्साखार अशी नावे घेत घेत ते ‘काँगो नॅटी’ या नावापाशी स्थिरावले. नामवंत चेहरा पुसून टाकून अनेक नावांमागे जाणे ही किंग्स्टनच्या पथकांची रीत आहे, कारण तेथे महत्त्व पथकाच्या आवाजाला असते आणि माणूस त्या आवाजाचा वाहक मानला जातो.

जंगल संगीताची घडण समजून घ्यायची तर तबल्यातली दुगुनीची कल्पना उपयोगी पडते. ठेक्याची मूळ लय न बदलता त्याच कालावधीत दुप्पट बोल वाजवले की दुगुन होते, आणि ऐकणाऱ्याला संथ व द्रुत अशा दोन्ही लयी एकाच वेळी जाणवतात. जंगलमध्ये ड्रमचे तुकडे मिनिटाला सुमारे १६० ठोक्यांच्या वेगाने धावतात आणि त्यांच्याखालचा खर्ज त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ८० ठोक्यांच्या, लयीत चालतो. हीच साधारणपणे रेगेची लय आहे. त्यामुळे नाचणारा हवे तर ड्रमबरोबर धावू शकतो, हवे तर खर्जाबरोबर डुलू शकतो. वरचे ड्रम बहुधा एकाच जुन्या मुद्रणातून आलेले असतात : ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’ या रचनेत ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला जेमतेम सहासात सेकंदांचा एकल तुकडा. सँपलर म्हणजे ध्वनीचा तुकडा साठवून कोणत्याही वेगाने व पट्टीत परत वाजवणारे यंत्र. त्यात हा तुकडा भरून, त्याचा एकेक ठोका सुटा करून, लंडनच्या तरुणांनी त्याच्या असंख्य नव्या जुळण्या केल्या. गाणे खुले ठेवण्याची किंग्स्टनची पद्धत येथे ठोक्याच्या पातळीपर्यंत उतरली.

पण याच ठिकाणी पद्धतीचे तिसरे अंग कसोटीला लागते. कोलमन यांना त्या तुकड्याबद्दल कधीही मानधन मिळाले नाही आणि २००६ मध्ये अटलांटा शहरात बेघर अवस्थेत त्यांचा मृत्यू झाला. विन्स्टन्सचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५ मध्ये संगीतप्रेमींनी वर्गणी काढून २४,००० पौंड दिले, ही कृतज्ञता खरी असली तरी ती कोणत्याही हक्कातून आलेली नव्हती. याउलट गायकांच्या बाबतीत जंगलच्या रेगेकडे झुकलेल्या शाखेने नाव राखले. टेनर फ्लाय, पीटर बाउन्सर, सुपर कॅट यांची नावे तबकडीवर निर्मात्याच्या नावाशेजारी छापली गेली. यांतले सुपर कॅट हे भारतीय वंशाचा वारसा असलेले जमैकन गायक आहेत. १८४५ पासून जमैकात करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या हिंदी माणसांची आठवण त्यांच्या निमित्ताने व्हायला हरकत नाही. ज्याचा आवाज घेतला त्याचे नाव आणि ज्याचा ठोका घेतला तो अनाम, अशी ही अर्धवट नीती आहे. या संगीताचे कौतुक करताना तिच्यावर पांघरूण घालणे योग्य नाही.

१९९४ हे या संगीताच्या प्रसिद्धीचे शिखर, आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने केलेल्या फौजदारी न्यायविषयक कायद्याने उघड्यावरच्या रात्रीच्या नाचमेळ्यांवर पोलिसांना अधिकार देताना, ठोक्यांची पुनरावृत्ती हे ज्याचे मुख्य लक्षण आहे अशा ध्वनीचा कायद्याच्या मजकुरातच उल्लेख केला. पुढच्या दोनतीन वर्षांत ड्रम अँड बेस हे नाव रुळले, निर्माते गोल्डी यांचा ‘टाइमलेस’ हा संग्रह १९९५ मध्ये आला, १९९७ मध्ये रोनी साइझ व रेप्रझेंट यांच्या ‘न्यू फॉर्म्स’ या संग्रहाला ब्रिटनचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले आणि समीक्षकांनी या संगीताला गंभीर कला म्हणून स्वीकारले. मात्र या स्वीकाराबरोबर जमैकन बोलीतले गायकांचे आवाज या प्रकाराच्या मोठ्या भागातून कमी होत गेले. प्रतिष्ठा मिळवताना मूळ बोलणाऱ्याला बाजूला सारण्याची ही प्रक्रिया मराठी रंगभूमीच्या आणि लावणीच्या इतिहासातही दिसते. वेस्ट यांनी तिच्या उलट दिशेने चालत राहून २०१३ मध्ये ‘जंगल रेव्होल्यूशन’ हा संग्रह काढला आणि त्यात पुन्हा रेगेचे गायक मध्यभागी ठेवले. मुळे हा भूतकाळ असता तर ‘स्ट्रीट टफ’नंतर चोवीस वर्षांनी त्याच्याकडे वळणे ही केवळ स्मरणरंजनाची हौस ठरली असती. मुळे ही पद्धत असल्यामुळे ती पुन्हा वापरता आली.

रायगडच्या किनाऱ्याकडे वळताना प्रथम कोर्लईचा विचार करायला हवा, कारण संकरातून स्वतंत्र व्यवस्था कशी जन्मते याचे जगातले एक उत्तम उदाहरण मुरुड तालुक्यातील या गावात आहे. चौल-रेवदंड्याच्या परिसरात पोर्तुगीज सत्ता १६ व्या शतकात स्थिरावली आणि १७४० मध्ये तो प्रदेश मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज निघून गेले, पण कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या डोंगराच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेपासून घडलेली एक बोली आजही बोलली जाते. अशा भाषेला भाषाशास्त्रात ‘क्रिओल’ म्हणतात : दोन वा अधिक अनोळखी भाषासमूहांच्या संपर्कातून घडलेली आणि पुढच्या पिढ्यांची मातृभाषा झालेली भाषा. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये या बोलीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज आहे, पण क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची मराठीची रीत तिने उचलली आहे. म्हणजे शब्द एकीकडचे आणि त्यांना चालवणारे व्याकरण दुसरीकडचे, अशी तिची रचना झाली.

जमैकन बोली हीदेखील क्रिओलच, आणि जंगल हे त्याच अर्थाने क्रिओल संगीत आहे. त्याचे शब्द, म्हणजे ड्रमचे तुकडे, अमेरिकन आहेत, व्याकरण, म्हणजे खर्ज आणि मोकळी जागा यांचा संबंध, जमैकन आहे, आणि बोलणाऱ्याचे गाव लंडन. एखाद्या मिश्र संगीताचे मूल्यमापन करताना त्यात कशाकशाचे तुकडे आहेत याची यादी करणे म्हणूनच निरुपयोगी ठरते. त्याला चालवणारे व्याकरण कोणाचे आहे, हा विचारण्याचा प्रश्न आहे. हा निकष लावला तर रेगेचा एक तुकडा गाण्यात चिकटवणारा निर्माता आणि रेगेच्या व्याकरणात विचार करणारा निर्माता यांतला फरक स्पष्ट होतो.

मुळे रक्तातून उतरतात ही समजूत किती भ्रामक आहे, हेही याच किनाऱ्यावर तपासता येते. जंजिऱ्याचे सिद्दी हे ॲबिसिनियातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या प्रदेशातून, आलेल्या आफ्रिकन माणसांचे वंशज. त्यांच्या संस्थानाला हबसाण म्हणत आणि ते १९४८ पर्यंत टिकले. जमैकातील रास्ताफारी पंथ इथिओपियाला पवित्र भूमी मानतो. हैले सेलासी यांच्या १९३० मधील राज्यारोहणापासून त्या पंथाची श्रद्धा आकाराला आली आणि वेस्ट हे स्वतः त्याच श्रद्धेचे आहेत. रक्ताचाच नियम खरा असता तर कॅरिबियनच्या तालाचे या किनाऱ्यावरचे नाते प्रथम मुरुडशी जुळले असते. प्रत्यक्षात जंजिऱ्याच्या दरबाराने भारतीय-फारसी संस्कृती आपलीशी केली, आणि नवाब सिदी अहमद खान यांच्या बेगम नाझली यांच्या भगिनी अतिया फैझी यांनी १९१४ मध्ये हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. आफ्रिकन वंशाच्या राजघराण्याचा संगीताशी असलेला सर्वांत ठळक ग्रांथिक दुवा रागसंगीताचा निघावा, यात कोणतीही विसंगती नाही. माणसे जी पद्धत दररोज आचरतात तीच त्यांची होते.

या किनाऱ्यावर दररोज आचरली जाणारी पद्धत कोणती, याचे उत्तर आगरी-कोळी समाजाच्या हळदीच्या रात्री मिळते. मांडवात धवलारीण लग्नविधीची गाणी म्हणते. धवलारीण ही धवळे गाणारी आणि त्या गाण्यांच्या आधारे विधी पार पाडणारी स्त्री, जिच्याकडे परंपरेने पौरोहित्याचा मान आहे. धवळे हा काव्यप्रकार मराठीत निदान १३ व्या शतकातल्या महदंबेइतका जुना आहे. मांडवाबाहेर त्याच रात्री बेंजो पार्टी किंवा डीजे वाजतो. तळा, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात त्याआधी सनई, ढोल आणि टिमकी यांचा खालूबाजाही असतो. अभ्यासकांनी धवळ्यांना लोकसाहित्यात जागा दिली, खालूबाज्याला लोककलेत जागा दिली आणि बेंजो व डीजे यांना उपद्रवाच्या सदरात टाकले. ही विभागणी ऐकणाऱ्यांनी केलेली नाही. हळदीला आलेल्या माणसाच्या दृष्टीने ती एकाच रात्रीची सलग गाणी आहेत, आणि मांडवातल्या कडव्याची चाल बाहेर बेंजोवर वाजली की तो त्याच पावलांनी नाचतो.

बेंजोचा प्रवास तर जंगलच्या यंत्रांइतकाच लांबचा आहे. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवलेले हे वाद्य म्हणजे जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ‘तैशोगोतो’चे भारतीय रूप. त्याला विजेची जोड मिळाली आणि ते मिरवणुकीत सनईची जागा घेऊ लागले. त्याच्या सोबतीला जपानचेच कॅसिओ आले, इतके की मराठीत कोणत्याही लहान कीबोर्डला कॅसिओ म्हटले जाऊ लागले, आणि रोलंड कंपनीचा ऑक्टोपॅड आला. किंग्स्टनमध्ये १९८५ साली किंग जॅमी आणि वेन स्मिथ यांनी ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणे कॅसिओच्याच एमटी ४० या स्वस्त कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर उभारले आणि रेगेच्या संगणकयुगाला गती दिली. तो ठेका हिरोको ओकुदा या तरुण जपानी अभियंता स्त्रीने रचला होता. लंडनच्या जंगल निर्मात्यांचे सँपलर बहुधा अकाई या जपानी कंपनीचे होते. ही यंत्रे या तिन्ही ठिकाणी गरीब माणसांच्या वाद्यवृंदाचा कणा झाली, कारण ती वाद्यांच्या ताफ्यापेक्षा स्वस्त होती, उचलून नेता येत होती आणि शिकायला गुरुकुलाची परवानगी लागत नव्हती. यंत्राने लोकसंगीत मारले ही तक्रार सर्रास ऐकू येते. या इतिहासापुढे ती टिकत नाही.

कॅसेटच्या काळाने या संगीताला बाजारपेठ दिली. त्याआधी कोळीगीत ध्वनिमुद्रिकेवर आले ते मुख्यतः शहरी प्रतिभावंतांच्या हातून : शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे आवाज. शाहीर विठ्ठल उमप यांच्यासारख्या लोककलावंतानेही कोळीगीते घरोघरी पोहोचवली. कॅसेट स्वस्त झाल्यावर वेसावे आणि इतर कोळीवाड्यांतली मंडळी स्वतःच्या आवाजात विकली जाऊ लागली, आणि मुंबईहून लाँचने येणाऱ्या माणसांबरोबर ती गाणी अलिबागच्या आणि उरणच्या हळदींत पोहोचली. उत्तर भारतातील कॅसेटच्या संस्कृतीवर १९९३ मध्ये मूलगामी ग्रंथ लिहिणारे पीटर मॅन्युएल हे कॅरिबियन संगीताचेही मोठे अभ्यासक आहेत, आणि जमैकात एकाच सांगाड्यावर अनेक गाणी बांधण्याच्या रीतीवर त्यांनी वेन मार्शल यांच्यासह २००६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. एकाच अभ्यासकाला ही दोन्ही क्षेत्रे एका नजरेच्या टप्प्यात दिसली. मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी हा टप्पा अजून गाठलेला नाही, आणि ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी विद्यापीठांतील मराठी व संगीत विभागांची आहे.

आजचा रायगडचा डीजे कोळीगीताचे रिमिक्स करतो तेव्हा तो जंगल निर्मात्यासारखाच एक तांत्रिक प्रश्न सोडवत असतो. कोळीगीताची ठेवण बहुधा सहा मात्रांची असते, दादऱ्याच्या जवळची पण अधिक चपळ, वल्हवण्याच्या हेलकाव्यासारखी. नृत्यसंगीताचे यंत्र मात्र चार ठोक्यांच्या चौकटीवर आधारलेले असते. सहा मात्रांची दोन मोठ्या ठोक्यांत विभागणी करून खर्ज त्या मोठ्या ठोक्यांवर ठेवला आणि आतल्या तीन-तीन मात्रा ताशा किंवा ऑक्टोपॅडवर मोकळ्या सोडल्या, तर चाल हेलकावत राहते आणि वजनही येते. हे जंगलमधल्या संथ खर्ज आणि धावत्या ड्रमच्या नात्याचेच दुसरे रूप आहे. पण सहा मात्रा ताणून चारांत कोंबल्या तर गाणे चौकोनी होते, शब्दांचे आघात चुकतात आणि उरतो तो नुसता दणका. पहिल्या प्रकारचा डीजे कोळीगीताच्या व्याकरणात काम करतो, दुसरा कोळीगीताचे केवळ शब्द वापरतो. या दोघांतला फरक सांगणारी समीक्षा मराठीत लिहिली गेली पाहिजे, कारण चांगल्या आणि वाईट कामात भेद न करणारा तिरस्कार शेवटी वाईट कामालाच अभय देतो.

परदेशस्थ भारतीयांनी या क्षेत्रात जे केले त्याचा उल्लेख ओघाने यायला हवा. तलविन सिंग यांनी लंडनमध्ये तबला आणि ड्रम अँड बेस यांची सांगड घातली आणि ‘ओके’ या संग्रहाला १९९९ मध्ये मर्क्युरी पारितोषिक मिळाले. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेले, मराठी आडनावाचे कर्श काळे यांनी ‘रिअलाइज’ या २००१ च्या संग्रहात त्याच दिशेने काम केले. हे काम मोलाचे आहे, पण त्याचा भारतीय आधार रागसंगीताचा आणि मैफलीचा आहे. रस्त्याचे, मिरवणुकीचे आणि हळदीचे भारतीय संगीत त्यात जवळजवळ नाही. गोव्यात २०१६ पासून भरू लागलेल्या ‘गोवा सनस्प्लॅश’ या रेगे महोत्सवाने साउंड सिस्टिमची संस्कृती शेजारी आणून ठेवली आहे, तेव्हा बेंजो पार्टी आणि साउंड सिस्टिम यांची भेट यापुढे अशक्य राहिलेली नाही.

डीजेच्या आवाजाबद्दलचा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे, आणि तो घेताना भौतिकशास्त्र बाजूला ठेवता येत नाही. ५० हर्ट्‌झच्या खर्जाची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असते. असा तरंग भिंतींनी फारसा अडत नाही, तो छातीत आणि खिडकीच्या काचेत जाणवतो, आणि याच गुणामुळे तो नाचणाऱ्याला प्रिय व शेजारच्या आजारी माणसाला असह्य होतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकास मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. मोजणीसाठी वापरले जाणारे प्रमाण मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालच्या स्वरांना कमी वजन देते, त्यामुळे खर्जाचा खरा त्रास यंत्रावर उमटतो त्याहून अधिक असतो, ही तक्रारदारांची बाजू मान्य करायला हवी. तरीही ब्रिटनच्या १९९४ च्या कायद्याच्या तुलनेत आपला नियम अधिक न्याय्य आहे, कारण तो ठोक्याच्या प्रकाराला हात न लावता केवळ तीव्रता आणि वेळ मोजतो. कायद्याने जो भेद पाळला तो सार्वजनिक चर्चेने मोडला : डीजेबंदीची भाषा करताना तीव्रतेवरचा रास्त राग संगीतावर आणि बऱ्याचदा ते वाजवणाऱ्या आगरी-कोळी पोरांवर काढला जातो. आवाज कमी करण्याचा आग्रह जेवढा योग्य तेवढाच त्या संगीताला संस्कृतीबाहेर काढण्याचा आग्रह अन्याय्य आहे.

उरतो तो नावांचा प्रश्न, आणि सर्वांत अधिक काम याच बाबतीत बाकी आहे. शहरी कोळीगीतांच्या ध्वनिमुद्रिकांवर कवी, संगीतकार, गायक अशी सगळी नावे असतात. हळदीतून उचललेल्या गाण्यापुढे ‘पारंपरिक’ असे लिहिले की हिशेब संपतो. चाल खरोखरच परंपरेची असेल, पण ती त्या विशिष्ट घाटात, त्या विशिष्ट कडव्यांसह म्हणणारी धवलारीण एक हयात स्त्री असते, आणि ती चाल बेंजोवर बसवणारा वादकही कोणत्या तरी गावचा असतो. भारतीय कॉपीराइट कायद्याने कलावंताचे सादरीकरणावरचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मान्य केले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते अधिक बळकट केले. त्यामुळे गाण्याचा रचयिता अज्ञात असला तरी मुद्रित झालेला आवाज कोणाचा, या प्रश्नाला कायद्यातही जागा आहे. कोलमन यांच्या बाबतीत जे घडले ते रायगडच्या गायिकांच्या बाबतीत घडू द्यायचे नसेल तर वर्गणीच्या कृतज्ञतेवर विसंबून चालणार नाही.

यासाठी लागणारे साधन डीजेंच्या हातात आधीच आहे. जमैकाच्या पथकांनी नामवंत गायकांकडून आपल्या पथकाचे नाव गुंफलेल्या खास तबकड्या करून घेतल्या, आणि आपल्याकडचा डीजे रिमिक्समध्ये दर काही ओळींनी स्वतःच्या नावाचा मुद्रित पुकारा टाकतो, ज्याला या व्यवसायात टॅग म्हणतात. त्या पुकाऱ्याला काही सेकंद लागतात, खर्च लागत नाही, आणि एकदा रिमिक्स मोबाइलवरून पसरले की कागदावरच्या श्रेयनामावलीपेक्षा तोच अधिक दूर जातो. अलिबाग, उरण, पेण, मुरुड आणि श्रीवर्धन येथील डीजे, साउंडवाले आणि बेंजो पार्ट्यांनी येत्या हळदीच्या हंगामापासून एवढे करावे : स्वतःच्या नावाच्या आधी, जिच्या आवाजातून गाणे घेतले त्या धवलारणीचे, ज्याने ते वाजवले त्या वादकाचे आणि त्यांच्या गावाचे नाव, त्यांची संमती घेऊन, टॅगमध्ये पुकारावे, आणि गाण्यातून पैसा मिळाला तर त्यातला वाटा त्यांना द्यावा.